वाकू नका

सकाळी सहा वाजता आम्ही तिघी एका बेडच्या कडेला उभ्या असतो, मी, दुसरी सिस्टर आणि आमच्या वॉर्डच्या मावशी. एकीचे हात पेशंटच्या खांद्याला नि पाठीला, दुसरीचे कमरेला, तिसरीचे मांडीला नि पोटरीला. गुडघ्यांच्या मधे उशी, हात छातीवर. "आजी, तुम्ही काही करू नका, अंग सैल सोडा, एक, दोन, तीन." आणि अख्खी बाई एकदम कुशीवर वळते, मान पाठ कंबर पाय सगळं एका रेषेत, मधे कुठे पीळ नाही. याला लॉग रोल म्हणतात, ओंडका लोटावा तसं. शिकताना पुस्तकात चार ओळी होत्या, मला नीट जमायला वर्ष गेलं. कारण अंग सैल सोडा म्हटलं की माणूस हमखास अंग आवळतो. ज्याची पाठ दुखतेय त्याला दुसऱ्याच्या हातात पाठ द्यायची भीती वाटते, ती भीती आधी काढावी लागते आणि ती बोलून निघत नाही, पहिल्या वेळी दुखलं नाही तरच निघते. म्हणून पहिला लॉग रोल मी कधी नवीन मुलींवर सोडत नाही.

मी ऑर्थो, म्हणजे हाडांच्या वॉर्डला आहे, एकोणीस वर्षं झाली. मराठवाड्यातलं हॉस्पिटल आहे, आसपासच्या तालुक्यांतून पेशंट येतात. अपघाताचे, पडलेले, हे सगळे असतातच, पण मला लिहायचंय ते न पडता मणका मोडलेल्या बायकांबद्दल. हो, न पडता. हंडा उचलला आणि कट्‌ आवाज आला. एसटीच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या, खड्ड्यात गाडी आदळली. एक आजी तर नुसत्या शिंकल्या होत्या. हाडं आतून इतकी विरळ झालेली असतात की ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर वजन ठेवलं की ते जसं पुढच्या बाजूने चेपतं तसा मणका चेपतो. बहुतेक वेळा छाती संपून कंबर सुरू होते तिथलाच, बारावा किंवा त्याच्या खालचा.

आणि याला घरात काय म्हणतात? उसण भरली. चमक भरली. मणक्यात गॅप पडला. मग शेक देतात, तेल चोळतात, आणि पायाळू माणूस शोधून त्याच्याकडून पाठीवर पाय लावून घेतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या लाथेने उसण जाते असं आमच्याकडे मानतात. साध्या स्नायूच्या उसणीला ते चालून जात असेल, पण चेपलेल्या मणक्यावर पाय म्हणजे... मला पेशंटनी हे सांगितलं की माझ्याच पाठीत कळ येते. मी रागवत मात्र नाही, कारण रागावलं की पुढचं काही सांगत नाहीत. जगभर बघितलं तरी असे मणके मोडलेल्यांपैकी साधारण तिघांत एकालाच वेळेवर कळतं की मणका मोडलाय, बाकीच्यांचं वय झालं, पाठ वाकली, असंच म्हणून सोडून दिलं जातं. मी आता ओपीडीत बायकांना एक साधा प्रश्न विचारते, साडी पायात यायला लागली का? पूर्वी बरोबर बसणारी साडी हल्ली खाली घोळतेय असं म्हणाल्या की उंची कमी झालीय, म्हणजे मणका बघायलाच हवा. अजून तरी हा प्रश्न कुणाला कळला नाही असं झालेलं नाही.

गेल्या मे महिन्यातल्या एका पेशंटचं सांगते. वय बावन्न, दिसायला पासष्टच्या. ऊसतोड करणाऱ्या. सीझन संपवून गावी परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसारावर बसल्या होत्या, म्हणजे गाठोडी, भांडी, शेळी, सगळं आणि त्याच्यावर त्या. एका दणक्यात पाठीत वीज गेली. तरी पाच आठवडे घरी काढले, आडव्या पडूनच. आल्या तेव्हा स्ट्रेचरवरून बेडवर घेताना ओरडल्या पण नाहीत, नुसते ओठ आत ओढून घेतले. ओरडणाऱ्या पेशंटची मला काळजी वाटत नाही इतकी अशा गप्प पेशंटची वाटते.

माहिती भरताना मी विचारलं, पाळी कधी गेली? म्हणाल्या, "पाळी कुठली बाई, पिशवी काढलेली हाय. सव्वीसाव्या वर्षी."

सव्वीस. पोटात दुखायचं, अंगावर पांढरं जायचं, आणि फडावर असताना खाडा केला की मुकादम पैसे कापतो, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते ती फिटत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, बाई आजारी पडली की कोयता अर्धा. डॉक्टर म्हणाले काढून टाका, कटकट जाईल. हे काही त्यांचं एकटीचं नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती, तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हा पेपरात खूप आलं, लोक हळहळले. पण त्या बायकांच्या हाडांचं पुढे काय होणार हे फारसं कुणी लिहिलं नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर हाडांना सांभाळणारं इस्ट्रोजेन त्या दिवसापासून तुटतं. एरवी पन्नाशीच्या आसपास जी झीज सुरू व्हायची ती सव्विशीत सुरू होते. वर डोक्यावर उसाच्या मोळ्या, फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायच्या, दिवसभर वाकून बुडापासून ऊस तोडायचा. जेवण काय तर भाकरी, मिरची, पहाटे तीनचा उठा. त्यांचं ऑपरेशनचं जुनं कार्डच नव्हतं, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं दिसली नाहीत.

सरांनी एमआरआय बघून सिमेंट भरायचं ठरवलं. मणक्यात सिमेंट भरतात म्हटलं की नातेवाईकांच्या डोळ्यासमोर बांधकामाचं सिमेंट येतं, मग समजावावं लागतं की हे वेगळं, कवळी ज्या अ‍ॅक्रिलिकची करतात त्याच घराण्यातलं. पाठीवर दोन बारीक भोकं पाडून जाड सुया एक्स-रेमध्ये बघत बघत मणक्यात घालतात आणि चमचाभर लगदा आत सोडतात. फ्रान्समध्ये आमियाँ गावात १९८४ ला हे पहिल्यांदा केलं, तेही मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी, ठिसूळ हाडांना ते नंतर वापरायला लागले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आधी फुगा फुगवून जागा करायची आणि मग सिमेंट भरायचं ही पद्धतही आली. प्रत्येकाला याची गरज असते असं नाही हं, हे मी मुद्दाम लिहितेय कारण फोन येतात, आमच्या आईला पण भरून द्या म्हणून. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन अभ्यास आले होते, त्यात काही पेशंटना खरंच सिमेंट भरलं आणि काहींना नुसतं भरल्यासारखं केलं, आणि दोन्हीकडे दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. त्यावरून डॉक्टर लोकांत अजून वाद आहेत. बरेच मणके बेल्ट, गोळ्या, थोडी विश्रांती यांवर दोन-तीन महिन्यांत जुळतात. आमचे सर सिमेंट कधी भरतात तर एवढं करूनही बाई कूस बदलू शकत नाही, मणका आणखी बसत चाललाय असं दिसलं तर. आणि तुकडा मागे सरकून नसांवर दाब आला असेल तर मग मोठं ऑपरेशन, स्क्रू-रॉडचं, तेव्हा हाड इतकं मऊ असतं की स्क्रू धरून राहावा म्हणून त्याच्याभोवतीही कधी कधी सिमेंट भरतात.

ऑपरेशन पालथं झोपवून होतं. ज्या बाईला पाठीवर नीट झोपता येत नाही तिला अर्धा-पाऊण तास पालथं, हलायचं नाही, आणि बऱ्याचदा पूर्ण भूलही नसते. म्हणून आम्ही आदल्या दिवसापासून सराव घेतो. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळं, आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. मी शेजारी स्टुलावर बसून ऑक्सिजन बघते, नखांचा रंग बघते. त्या पाच मिनिटांत या काकू घाबऱ्या झाल्या, श्वास कोंडला म्हणाल्या. मी मान दुसऱ्या बाजूला वळवून दिली, छातीखालची उशी थोडी वर घेतली, आणि गावाकडचं विचारत बसले, शेळी कुणाकडे ठेवलीय, किती देते दूध. शेळीवरच वीस मिनिटं निघाली.

त्यांना मिश्रीची सवय. मिश्री लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, हे आमच्याकडच्या कितीतरी बायकांचं. आणि दुखण्याच्या गोळ्यांनी आधीच पोट धरतं, कुंथलं की पाठीत कळ येते, कळ येते म्हणून जेवणच कमी करतात. पेशंटला चार दिवस झाली नाही हे कळायला कधी कधी चार दिवस जातात कारण कुणी विचारतच नाही आणि त्या पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत. मी ओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून वॉर्डचा ताबा, घेताना हे पहिल्यांदा विचारते, बीपीच्या आधी. पहिल्या दिवसापासून पातळ औषध, कोमट पाणी, इसबगोल, आणि पडदा ओढून निवांत वेळ. वॉर्डात बेडपॅनवर बसणं म्हणजे बाईमाणसाला केवढी शिक्षा असते ते कळायला एकदा स्वतः पेशंट व्हावं लागतं, मी झालेय.

ऑपरेशनच्या सकाळी दागिने काढायचे. बांगड्या काढल्या, जोडवी साबण लावून काढली. मंगळसूत्रापाशी अडलं. काळ्या मण्यांची पोत आणि दोन वाट्या, सोनं म्हणावं तर गुंजभर. "हे नगा काढू सिस्टर, लग्नापास्नं गळ्यातून निघालं न्हाई." एक्स-रे घेताना मणी मधे आले तर दिसत नाही, ते काढावंच लागतं. पूर्वी मी नियम आहे म्हणून सरळ काढून पाकिटात घालायचे आणि नाव लिहून नातेवाइकांच्या हातात द्यायचे. आता तसं करत नाही. नवऱ्याला आत बोलावलं, म्हटलं तुम्हीच काढा. त्यांचे हात उसाच्या पात्यांनी कापून कापून खरखरीत झालेले, गळ्यामागची गाठ सुटेना, दोन-तीनदा पोत हातातून निसटली, मी मधे हात घातला नाही. सुटल्यावर त्यांनी ती आपल्या मनगटाला गुंडाळली, तीन वेढे, आणि वरून सदऱ्याची बाही खाली ओढली. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारापर्यंत ट्रॉलीबरोबर चालत आले, बाही धरून. बोलले काहीच नाहीत.

मधे ओटी स्टाफ कमी होता तेव्हा मी दोन वर्षं तिथेही काम केलंय, तेव्हाचं एक आठवतं. सिमेंट कालवलं की त्यातली छोटी गोळी आम्ही बाजूला काढून हातात ठेवायचो. आधी ती टूथपेस्टसारखी, मग पुरणासारखी, मग एकदम गरम व्हायला लागते आणि मिनिटा-दोन मिनिटांत दगड. आपल्या तळहातावरची गोळी दगड झाली की साधारण समजायचं, आतलंही होत आलं. तोवर पेशंट हलता कामा नये. ग्लोव्हमधूनसुद्धा तो चटका कळतो.

पाठीवर बाहेरून काय दिसतं, तर मसुराएवढी दोन भोकं आणि दोन छोट्या पट्ट्या. नातेवाईक म्हणतात, एवढंच? आणि मग निवांत होतात. आमचं काम तिथून सुरू होतं. दोन तास सपाट पाठीवर. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, ऑक्सिजन, आणि प्रत्येक वेळी पाय. "अंगठा वर करा. खाली दाबा माझ्या हाताला. हे बोट कुठलं धरलंय सांगा. लघवीला झाली का?" पेशंट वैतागतात, मघाशीच तर विचारलं म्हणतात. पण सिमेंट कधी कधी मणक्याच्या बाहेर झिरपतं, मागे गेलं तर नसांवर दाब येतो, शिरेतून फुप्फुसात गेलं तर धाप लागते, आणि हे हळूहळू होऊ शकतं.

काही वर्षांपूर्वी एका आजींना संध्याकाळी सातला दोन्ही अंगठे झकास वर येत होते. सव्वासातला पण आले. साडेसातला उजवा आला, डावा आला पण माझ्या बोटाखाली त्याचा जोर मघासारखा नव्हता. आकड्यात सांगता आलं नसतं, फक्त मघाचा जोर माझ्या बोटाला आठवत होता. आजी म्हणाल्या थोड्या मुंग्या आल्यात, झोपून झोपून येतात. मी रेसिडेंटला फोन केला, ते म्हणाले बघू अर्ध्या तासाने. मी म्हटलं सर आत्ता या. सीटी झाला, सिमेंट मागे गेलेलं, रात्रीच नस मोकळी केली. आजी काठी घेऊन चालत घरी गेल्या. तेव्हापासून नवीन मुलींना मी सांगते की पहिले दोन तास पाय शक्यतो एकाच सिस्टरने तपासायचे, आणि ड्यूटी बदलायच्या वेळेला ऑपरेशन संपत असेल तर जाणारीने येणारीच्या समोर एकदा तपासायचं आणि तिला पण हात लावायला लावायचा. चार्टवर "नॉर्मल" असं दोघी लिहितात, पण माझ्या बोटाचं नॉर्मल तुझ्या बोटाला कसं कळणार?

काकूंचं सगळं छान झालं. रात्री धाप नाही, ताप नाही. दुसऱ्या सकाळी बेल्ट लावून उठवलं. उठायची पण एक रीत आहे, आधी कुशीवर, मग पाय बेडखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने नि दुसऱ्या हाताने रेटून वर यायचं, पाठ सरळ ठेवून. बसल्यावर दोन मिनिटं तशाच, चक्कर बघायची, मग उभं. पाच आठवड्यांनी त्यांचे तळपाय जमिनीला लागले. चार पावलं चालल्या, खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं दुखतंय का? म्हणाल्या, "दुकतंय, पर पहिल्यावानी न्हाई. हे माझं दुकणं हाय, ते कुणाचं होतं काय म्हाईत."

आता "वाकू नका"बद्दल. डिस्चार्ज कार्डवर छापलेलंच असतं, वाकू नका, वजन उचलू नका, जमिनीवर बसू नका. सुरुवातीच्या काळात मीही हे वाचून दाखवायचे, समजलं का विचारायचे, त्या हो म्हणायच्या, मी सही करायचे. एक बाई तिसऱ्या महिन्यात परत आल्या, वरचा आणि खालचा असे आणखी दोन मणके चेपलेले. एक मणका मोडला की पुढच्या वर्षभरात साधारण पाचातल्या एकीचा आणखी एक मोडतो, हे तेव्हा मला माहीत होतं, पण ती पाचवी मी स्वतः घरी पाठवली असेल असं वाटलं नव्हतं. मी विचारलं, वाकलात का हो? म्हणाल्या, "न्हाई बाई, तुम्ही सांगितलं तसं वाकले न्हाई. समदं खाली बसून केलं." चूल जमिनीवर, पीठ मळायची परात जमिनीवर, संडास बसायचा, पाण्याची घागर जमिनीवरून उचलायची. आणि आठवड्याची हाडांची गोळी सकाळी चहाबरोबर घेऊन परत पडायच्या, छातीत जळजळ व्हायची म्हणून दोन गोळ्यांत सोडली. ती गोळी रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं पडायचं नाही, हे मी सांगितलं होतं की नाही हे मला आजही आठवत नाही. त्यांना मी तुमचं घर कसं आहे हे विचारलंच नव्हतं. ती चूक माझी होती आणि त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आता मी घर विचारते. काकूंच्या सुनेला कागदावर घर काढायला लावलं, चूल कुठे, पाणी कुठे, मोरी कुठे. चार विटांचा ओटा करून गॅस वर घ्यायचा, शेगडी होती त्यांच्याकडे. केरसुणी लांब काठीला बांधायची. संडासात प्लास्टिकची खुर्ची मधे कापून, नाहीतर घडीचं कमोड स्टूल. पाणी तांब्या-तांब्याने, घागरीला हात नाही. घरात नाचणी नव्हती, बाजरी-ज्वारी होती, तर म्हटलं तीळ आणि दूध वाढवा, शेळीचं आहेच. आणि गोळीच्या ऐवजी वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं इंजेक्शन सरांना विचारून ठरवलं, कारण त्यांना परत सहा महिने फडावर जावं लागलं तर आठवड्याची गोळी कुठल्या कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, सापडणार? आधी किडनीची तपासणी, ड जीवनसत्त्वाची पावडर, कॅल्शियम, मग जूनमध्ये ते दिलं. दुसऱ्या दिवशी ताप येतो, अंग मोडून येतं, हे आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे घाबरले नाहीत.

जाताना काकूंनी विचारलं, "मोळी कधी उचलायची?" मी म्हटलं आता नाही, कधीच नाही. त्या गप्प बसल्या. नवऱ्याने मुकादमाची उचल घेतलेली होती, पुढच्या सीझनची. कोयता भरायचा कुणी? सून खाली बघत होती. तिचं वय चोवीस.

सगळे रिक्षात सामान ठेवायला गेले तेव्हा ती मागे राहिली. म्हणाली, "सिस्टर, माझीबी पिशवी काढा म्हणालेत तिकडचे डॉक्टर. पांढरं जातंय. दिवाळीच्या आधी उरकून घ्या म्हणाले." मी तिला ड्यूटी रूममध्ये बसवलं, मावशींना चहा सांगितला, आणि ड्यूटी संपल्यावर हाताला धरून खालच्या स्त्रीरोगच्या ओपीडीत घेऊन गेले. मॅडमनी तपासलं, सोनोग्राफी केली. जंतुसंसर्ग होता. गोळ्यांचा कोर्स नवऱ्यालाही दिला, बारा-पंधरा दिवसांत कमी झालं. तिला मी मोबाइल नंबर दिला, एरवी मी पेशंटना नंबर देत नाही.

जानेवारीत रात्री साडेआठला फोन आला, कोल्हापूरकडच्या फडावरून. मागे ट्रॅक्टर सुरू होता, कुणीतरी जोरात बोलत होतं. "सिस्टर, सासूबाईचं विंजेक्शन कोणत्या महिन्यात म्हणाला होता?"

"जून. पहिल्या आठवड्यात घेऊन ये. आणि त्या आहेत कशा?"

"गावाला हायेत, लेकराला सांभाळत. उभ्यानं भाकरी करतेत."

"आणि तू?"

ट्रॅक्टर जवळ आला बहुतेक, काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "हाय सिस्टर. हाय अजून पिशवी." आणि तिला कुणीतरी हाक मारली.